तेवीस दिसांचं पाणी

सकाळचं ऊन बांधावर चढलं की धुळाप्पा लांब बांबूला बांधलेली पाटी घेऊन पहिल्या तळ्याच्या कडंला उभा राहायचा आणि पाण्यावर तरंगून आलेली काळी साय ओढून काढायचा. ओढायची, बांधाच्या पल्याड उपडी करायची, वरनं माती लोटायची. दोन-अडीच तास हेच काम. मग बांधाचं गवत कापायचं, खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवायची, एका तळ्यातनं दुसऱ्यात जाणाऱ्या मोऱ्या हातानं साफ करायच्या.

साय कशाची होती ते सांगायची गरज नाही. वर कसब्यात नवा मोठा दवाखाना झाला होता. तिथल्या संडासांचं, न्हाण्यांचं, फरश्या धुतलेलं सगळं पाणी भाजलेल्या मातीच्या नळातून येऊन त्या तळ्यात पडायचं. आमचं देवखडी गाव तिथनं खाली अर्ध्या कोसावर, ओढ्याकाठी. शेताला जाताना आम्ही पटक्याचा शेव नाकाला लावायचो आणि कुणीतरी म्हणायचंच, "काय गुराखी, बरं हाय का?" त्यातला 'गु' मुद्दाम लांबवायचा. धुळाप्पाला कळायचं. तो चिडायचा नाही. पाटी तशीच धरून म्हणायचा, "बरं हाय. समद्यांचंच राखतुया."

धुळाप्पा जातीचा धनगर. निजामाच्या राजवटीत त्याचं शे-सव्वाशे मेंढरांचं खांड होतं. येडशीच्या रामलिंगाच्या डोंगरापासनं पार सोनारीच्या माळापर्यंत त्याची चराई. मग एका पावसाळ्यात मेंढरांत रोग आला आणि पंधरा दिवसांत वाडगं रिकामं झालं. तेव्हापासनं तो आणि हरणाबाई मिळंल त्या कामावर जायचे. पोटाला एकच पोरगी, अयोध्या.

दवाखाना झाला ती पहिली दोन वर्षं ते सगळं पाणी थेट ओढ्यात यायचं. आमच्या गावाला विहीर एक, तीही उन्हाळ्यात आटणारी. मग ओढ्याच्या वाळूत झिरे काढायचे आणि वाटीवाटीनं घागर भरायची. त्या दोन वर्षांत गावात लई लेकरं गेली. हगवण लागायची आणि चार दिवसांत लेकरू वाळलेल्या पानागत व्हायचं. आम्ही मरीआईला निवद दाखवला.

मराठी राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी एक तरुण ओव्हरसियर आला. वसंतराव त्याचं नाव, तुळजापूरच्या मास्तराचा मुलगा. तो ओढा चालत चालत वर गेला, नळाच्या तोंडाशी उभा राहिला, आणि परत येऊन चावडीत म्हणाला की हे पाणी तसंच पिणं म्हणजे दवाखान्यातला रोग घरी आणणं. त्यानं वर्षभर कागद नाचवले. गायरानात तीन तळी खोदायची मंजुरी आणली. गावानं गायरान दिलं, पण मनातनं नाही. घाण ती घाण, ती साठवून का शुद्ध होती, असं जो तो म्हणायचा.

खोदायला धुळाप्पा होता. काम झाल्यावर रखवालीला माणूस पाहिजे होता. कुणी पुढं येईना. धुळाप्पा गेला.

आम्हाला चावडीत सांगितलं ते कळलं नव्हतं, पण धुळाप्पा रोज विचारायचा आणि वसंतराव रोज सांगायचा. यात औषध नाही, यंत्र नाही. पहिलं तळं दीड पुरुष खोल. तिथं जड ते तळाला बसतं आणि तळाशीच कुजून जातं. वरचं पाणी मोरीतनं दुसऱ्यात जातं. ते पसरट, छातीएवढं. उन्हानं त्याला हिरवा रंग चढतो, तो शेवाळाचा. ते शेवाळ दिवसभर पाण्यात चांगली हवा सोडतं आणि त्या हवेवर जगणारे बारीक जीव उरलेली घाण खाऊन टाकतात. तिसरं तळं आणखी उथळ. तिथं ऊन लई आतपर्यंत जातं, आणि रोगाचे जंतू उन्हानं आणि उपासानं मरतात.

"पण एक लक्षात ठेवा, धुळाप्पा," वसंतराव म्हणाला होता. "पाण्याला घाई चालत नाही. आज आत आलेला थेंब तेविसाव्या दिवशी बाहेर पडला पाहिजे. त्याआधी सोडलात तर आपण काही केलंच नाही असं समजा."

धुळाप्पाला हे लगेच पटलं. तो हरणाबाईला म्हणाला, "मेंढराचं बी तसंच असतंय. चारून, बसवून, रवंथ करून मग फुडं न्यायाचं. हानून नेलं तर वाटंतच मरतंय." त्यानं दिवस मोजायची रीत काढली. नळातनं पाणी जास्त आलं की बांधावर एक खडा, आणि रोज त्याच्या शेजारी एक. तेवीस खडे झाले की तो तिसऱ्या तळ्याच्या मोरीपाशी जाऊन बसायचा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याकडं बघायचा. ते निवळ असायचं. त्यात चिंगळ्या पोहायच्या, बगळे उतरायचे. वसंतराव बाटल्या भरून लांब कुठंतरी तपासायला पाठवायचा. तो म्हणायचा, प्यायचं हे पाणी नव्हे, पण ओढ्यात सोडायला भ्यायचं कारण नाही. पुढं वाळू आणखी गाळून घेईल.

तीन वर्षं अशी गेली. गावात हगवणीनं लेकरू गेलं नाही. आम्ही म्हणालो, मरीआई पावली.

मग वसंतरावाची बदली झाली. जाताना तो तळ्यावर आला, धुळाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा माणूस येईल म्हणाला. दुसरा आला नाही. आणि त्याच साली पावसानं पाठ फिरवली.

मृगात एक सर पडली आणि पेरलेलं उगवून जळालं. हत्तीच्या नक्षत्रानं भुईवर थोडी शिंपण केली, बस. रब्बीची ज्वारी पोटऱ्यात आलीच नाही. माघ सरला तेव्हा गावची विहीर आटली. ओढ्याची वाळू हातभर, मग कमरेइतकी, मग पुरुषभर उकरली तरी खाली कोरडीच. बाया दीड कोसावरच्या मळ्यातनं पाणी आणायच्या. पहाटं जायच्या, उन्हात यायच्या, आणि तिथंही घागरीमागं भांडण. माझी आई कोंडाबाई साठीची होती. एक दिवस ती भरल्या घागरीसकट वाटेत पडली. तिला उचलली तर ती सांडलेल्या पाण्याची ओली माती हातानं गोळा करत होती.

तळ्यांचंही पाणी उतरलं होतं. दवाखान्याला स्वतःची खोल विहीर होती, पण तिचंही पाणी अर्ध्यावर आलं होतं, म्हणून नळाची धार बारीक झाली होती. पहिलं तळं तेवढं काठोकाठ होतं. त्यातनं जे थोडं दुसऱ्यात जायचं ते ऊनच पिऊन टाकायचं. दुसरं निम्मं राहिलं होतं. तिसऱ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि मधोमध ओंजळभर डबकं होतं. ओढ्यात थेंब येत नव्हता. सगळ्या शिवारात भरलेलं असं एकच पाणी होतं, ते पहिल्या तळ्याचं.

 आधी सगळे त्याकडं नुसतं बघायचे. मग लिंबाजी बोलला. लिंबाजी तिशीचा गडी, कष्टाळू, बोलायला सरळ. त्याची बायको कडूबाई आणि दोन वर्षांची पोरगी. चावडीत तो धुळाप्पाला म्हणाला, "आप्पा, पहिल्या तळ्याच्या बगलंचा बांध फोडू. पानी वढ्याला लागंल, वाळूत मुरंल आणि झिऱ्याला गाळून यील. घाण वरच राहती."

धुळाप्पानं सांगितलं की असं करू नका. ते पाणी अजून कच्चं आहे. आणि दुसरी गोष्ट त्यानं सांगितली. दवाखान्यात रुद्रम्मा नावाची झाडूवाली होती, कर्नाटकाकडची. नळ तुंबला की ती बघायला यायची. तिनं त्याला सांगितलं होतं की दवाखान्यात पटकीची खोली उघडली आहे. कुठल्याशा जत्रेतनं आजारी पडलेली माणसं आणून टाकलीत, आठ खाटा भरल्यात, आणि ते सगळं धुवून याच नळात येतं. अप्पा, हात घालू नका, असं ती बजावून गेली होती.

आम्ही ऐकलं. पण तहानलेल्या माणसाच्या कानात किती जाणार? आणि लिंबाजीचं म्हणणं आम्हाला खरंच वाटत होतं. वाळू पाणी गाळते हे आम्ही लहानपणापासनं बघत आलो होतो. खुद्द वसंतराव म्हणाला होता.  धुळाप्पा म्हणाला, "साह्येब म्हनला व्हता ते तिसऱ्या तळ्याच्या पान्याला. ह्या पान्याला न्हाय." कुणीतरी विचारलं, म्हणजे वाळूला पाण्याची वळख असते का? माणसं हसली. तोंड सुकलेलं असताना हसली.

हसणारात मीही होतो.

शेवटी असं ठरलं की धुळाप्पानं कसब्याच्या कचेरीत जाऊन पाण्याचा टँकर मागावा. दोन दिवस गाव थांबेल. तो म्हणाला, चार द्या. लिंबाजी म्हणाला, "आप्पा, दोनच दिस. माझी पोर जिभंनं भित चाटती."

धुळाप्पा लगेच निघाला. पुढचं त्यानं मला लई वर्षांनी सांगितलं. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होता. बाबूराव नावाचा कारकून होता, तो म्हणाला दरखास्त लिहून आणा. धुळाप्पाला लिहिता येत नव्हतं. बाजारात एकाकडून लिहून घेतली तवर कचेरी बंद झाली. दुसऱ्या दिवशी बाबूरावानं ती वाचली आणि विचारलं की गावचा ठराव कुठं आहे. धुळाप्पानं हात जोडून सांगितलं की ठराव नंतर आणतो, आधी एक माणूस पाठवा, नाहीतर लोक बांध फोडतील आणि पटकी गावात येईल. बाबूराव वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी दिलं प्यायला. म्हणाला, "उद्या दहाला या, बाबा. साहेब आले की पहिला कागद तुमचा ठेवतो."

तिसऱ्या दिवशी दहाला साहेब आला. दुपार होता होता त्यानं कागदावर सही केली. टँकर आठ दिवसांनी मिळणार होता. धुळाप्पा ते घेऊन उन्हातान्हात पळत सुटला.

दोन दिवस आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजीनं कुदळ घेतली आणि आम्ही वीस-पंचवीस जण त्याच्यामागं गेलो. बांध धुळाप्पानं असा राखला होता की कुदळ लागेना. तासभर लागला. मग माती ओली झाली, घसरली, आणि पाणी सुटलं. काळं होतं. वासही होता. पण ते ओढ्याच्या वाळूत शिरलं, आणि खाली गावापाशी उकरलेल्या झिऱ्यांत दुपारपर्यंत पाणी चढलं. वर राहिली असेल ती घाण, झिऱ्यातलं पाणी डोळ्याला स्वच्छ होतं. गार होतं. कडूबाईनं पोरीला पहिली वाटी पाजली. आईनं माझ्या हातनं तांब्या घेतला आणि न थांबता प्याली, आणि तांब्या कपाळाला लावला. गावात लई दिवसांनी बाया मोठ्यानं बोलत होत्या.

त्यात धुळाप्पा आला. हातात तो कागद. ओढ्याच्या दरडीवर उभा राहिला आणि खाली बघत राहिला. त्यानं आरडाओरड केली नाही. उतरून एकेकीजवळ गेला आणि म्हणू लागला, पिऊ नका, बायांनो. तापवल्याबिगर पिऊ नका. उकळी फुटू द्या. बाया हो म्हणायच्या आणि घागर डोक्यावर घ्यायच्या. उकळायला जळण कुठनं आणायचं? गुरं छावणीला गेलेली, शेणाची गोवरी घरात नाही, झाडांच्या फांद्या तोडून गुरांनाच घातलेल्या. ज्याच्या घरी एका भाकरीपुरतं जळण होतं तो त्यावर पाणी तापवत बसणार होता का?

मग तो वर तळ्याकडं गेला आणि एकटा बांध बुजवू लागला. दगड टाकायचा, वाहून जायचा. लिंबाजीनं जाऊन त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं. ओढून नाही, हळूच काढून घेतलं, जसं म्हाताऱ्या बापाच्या हातनं घ्यावं. म्हणाला, "आप्पा, बसा. दमलाव." धुळाप्पा बसला.

घरी हरणाबाईनं दोन घागरी भरून ठेवल्या होत्या. अयोध्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा सरत आलेला. धुळाप्पानं दोन्ही घागरी अंगणात उपड्या केल्या. हरणाबाई रडली, मग लई बोलली. त्यानं छपराचा एक वासा उपसला, फोडला, आणि त्यावर पाणी चढवलं. त्या दिवसापासनं त्यांच्या घरात उकळल्याशिवाय थेंब कुणाच्या तोंडात गेला नाही. रोज छपराचं काहीतरी चुलीत जायचं. तो शेजारीही सांगत हिंडला. माझ्या दारात आला तेव्हा मी म्हणालो, बघू.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आईला जुलाब सुरू झाले. तांदळाच्या धुवणासारखे. दुपारी तिचे डोळे खोल गेले, आवाज बसला, पायात गोळे येऊ लागले. ती पाणीच मागत होती. आम्ही तेच पाणी तिला पाजत होतो. दिवस मावळायच्या आत ती गेली.

त्याच दिवशी आणखी दोघं. दुसऱ्या दिवशी पाच. लिंबाजीची पोरगी सकाळी गेली आणि तिला पुरून तो घरी आला तर कडूबाई आडवी झाली होती. तिला बाजेवर घालून कसब्याच्या दवाखान्यात नेली. ती तिथं पोचली नाही. आठ दिवसांत अठरा माणसं गेली. नवव्या दिवशी टँकर आला, आणि त्याच्या मागं सुया टोचणारे लोक आले. त्यांनी झिऱ्यांत पांढरी पूड टाकली.

धुळाप्पाच्या घरात कुणाला काही झालं नाही.

गाव गप्प होतं तोवर बरं होतं. मग कुजबूज सुरू झाली. याला कसं ठाऊक होतं? सगळं गाव मरतंय आणि याची गर्भार पोरगी ठणठणीत कशी? कुणी म्हणालं, रात्रंदिवस त्या पाण्यापाशी बसून त्यानं काहीतरी करून ठेवलं असणार. कुणी म्हणालं, ठाऊक होतं तर आडवा का पडला नाही बांधावर? हे शेवटचं मीही म्हणालो. आई गेली होती, कुणावर तरी राग काढायचा होता, आणि स्वतःवर काढायची हिंमत नव्हती. हरणाबाई पाण्याला आली की बाया बाजूला सरायच्या.

त्या दिवसांत एका दुपारी लिंबाजी धुळाप्पाच्या अंगणात येऊन बसला. डोकं भादरलेलं. अर्धं छप्पर उघडं पडलं होतं, तिथनं ऊन आत येत होतं.  हरणाबाईनं पाणी दिलं ते त्यानं हातात धरून ठेवलं.

"आप्पा," तो म्हणाला, "किती दिस राह्यले व्हते त्या पान्याचे?"

धुळाप्पानं खडे मोजले होते. त्याला आकडा ठाऊक होता. पटकीची खोली उघडल्यापासनं सहाच खडे झाले होते. आणि ते पाणी तर नुसतं पहिल्या तळ्यातलं, ना हिरवं झालेलं, ना उन्हात शेकलेलं.

लिंबाजी त्याच्या तोंडाकडं बघत होता. हरणाबाई पुढं मला सांगायची, तशी नजर तिनं फक्त मेंढराची बघितली होती, सुरीखालच्या.

"त्येचं काय खरं नसतंय, लिंबाजी," धुळाप्पा म्हणाला. "दिस म्हंजी आपलं बोलायचं. तेवीस झाले असते तरी आलीच असती बिमारी. यायची ती येती."

"मंग बांधानं काय झालं न्हाय?"

"न्हाय. तू मनात आनू नगंस."

लिंबाजी तिथंच भुईवर डोकं टेकून रडला. मग ते पाणी प्याला आणि गेला.

पंधरा दिवसांनी चौकशीला माणसं आली. चावडीत खुर्च्या मांडल्या. लिहून घ्यायला तोच बाबूराव होता. साहेबानं धुळाप्पाला विचारलं, तळ्यांनी पाणी शुद्ध होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? धुळाप्पानं वसंतरावाचं नाव घेतलं. तेवीस दिवसांचं सांगितलं. खालचा गाळ, शेवाळ, ऊन, सगळं त्याच्या परीनं सांगितलं. अडखळत, मधेच मेंढरांचा दाखला देत. साहेबाला घाम येत होता. त्यानं विचारलं की कागद आहे का काही? कागद वसंतरावाबरोबर गेले होते.

मग लिंबाजीला विचारलं. लिंबाजी खोटं बोलणारा माणूस नव्हता. बांध मी फोडला, असं तो सरळ म्हणाला. पण बांधानं काही झालं नाही, हेही म्हणाला. तेवीस दिवस राहिलं असतं तरी बिमारी आलीच असती. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं धुळाप्पाकडं हात केला. "आप्पांनीच सांगितलं. त्येंच्या तोंडानं."

साहेबानं धुळाप्पाला विचारलं, खरं आहे का, तुम्ही असं म्हणालात?

सगळं गाव बघत होतं. लिंबाजी बघत होता. धुळाप्पानं एकदा बाबूरावाच्या दौतीकडं बघितलं.

"म्हनलो व्हतो," तो म्हणाला.

बाबूरावानं ते लिहिलं आणि धुळाप्पाचा अंगठा घेतला. रखवालदाराच्या स्वतःच्या जबानीप्रमाणे तळ्यांचा उपयोग नाही, डास आणि रोगराई मात्र होते, सबब तळी बुजवावीत, असा हुकूम झाला. गावाला बरं वाटलं. उन्हाळी दुष्काळी काम काढायचंच होतं, तेच काम मिळालं. ज्या गावानं तळी खोदली त्याच गावानं ती बुजवायची होती.

तिसरं तळं कोरडंच होतं, ते चार दिवसांत भरलं. दुसऱ्यातलं हिरवं पाणी मातीखाली गेलं तेव्हा त्यातल्या चिंगळ्या वर आल्या, त्या बायांनी वेचून नेल्या. पहिल्याला महिना लागला. धुळाप्पाही पाट्या वाहत होता. त्याला दुसरं काम नव्हतं. अयोध्या बाळंत झाली होती, मुलगा झाला होता, घरात खाणारं तोंड वाढलं होतं. तो पाटी डोक्यावर घेऊन यायचा, कडंला यायचा, टाकायचा, वळायचा. आम्ही त्याच्याशी बोलत नव्हतो.  मी त्याच्या मागंच रांगेत असायचो आणि त्याच्या मानेवरचा घाम बघायचो.

शेवटचे दोन दिवस उरले असताना मुकादमाच्या ध्यानात आलं की दवाखान्याचा नळ चालूच आहे. तळं बुजलं की ते पाणी जाणार कुठं? बाबूराव हजेरी घ्यायला आला होता, त्याला विचारलं. त्यानं हुकूम पुन्हा वाचला. हुकमात तळी बुजवावीत एवढंच होतं, पाण्याचं काही नव्हतं. मग मुकादम म्हणाला, चर काढून ओढ्यात सोडा, पहिल्यागत. आणि तळ्यांचा माणूस म्हणून चर धुळाप्पाला सांगितला. सोबत लिंबाजीला दिला.

नळाच्या तोंडापासनं ओढा सरळ उतारावर दोनशे पावलं. सकाळी सुरू केला तर दुपारी संपायचं काम. आम्ही पाट्या टाकत होतो तिथनं ते दोघं दिसायचे. पहिला दिवस संपला तरी चर ओढ्याला लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी मुकादम ओरडला तेव्हा मी बघायला गेलो. धुळाप्पानं चर उताराला आडवा घातला होता. गायरानभर तो इकडनं तिकडं जायचा, वळायचा, परत यायचा, पुन्हा वळायचा. रुंद होता, वीतभर खोल, आणि उतार इतका कमी की आत पाणी टाकलं तर पहिल्यांदा जागीच उभं राहील.

"आप्पा," लिंबाजी म्हणत होता, "सरळ काढू की. घटकंत वढ्याला लागंल."

"म्हनून तर," धुळाप्पा म्हणाला. तो खाली वाकून खोदतच होता. "असं काढलं तर दिस मावळायला लागंल. तेवढंच ऊन लागतंय पान्याला."

"एका दिसानं काय हुतंय?"

"काय न्हाय."

लिंबाजी कुदळ टेकून उभा राहिला. त्यानं त्या वळणांकडं बघितलं, एक एक करून, पार नळाच्या तोंडापर्यंत. मग धुळाप्पाकडं बघितलं. धुळाप्पानं मान वर केली नाही. लिंबाजीचं तोंड माझ्या डोळ्यांदेखत पांढरं पडलं. मला वाटलं तो आता कुदळ टाकून निघून जाईल, नाहीतर म्हाताऱ्याच्या अंगावर जाईल.

लिंबाजी चर जिथं ओढ्याकडं सरळ वळायचा होता तिथं गेला, चार पावलं मागं सरला, आणि त्यानं उताराला आडवी कुदळ घातली.